करंजदऱ्यातून कुणीच जात नाही

आता दिल्लीतल्या माणसाला करंजदरा कुठं आहे हे ठाऊक असायचं काही कारण नाही. जामखेडातल्याच निम्म्या लोकांना ते ठाऊक नाही. एसटी येते ती फाट्यापर्यंत, पुढं चार किलोमीटर तंगडतोड, आणि मग डोंगराच्या पायथ्याला शहाण्णव उंबरे. पण गेल्या उन्हाळ्यात या गावाचं नाव इंग्रजी पेपरात छापून आलं. टीव्हीवर कोटवाल्या चार माणसांनी ते चार तऱ्हांनी चुकीचं उच्चारलं. आणि चौघांचं एका गोष्टीवर मात्र अगदी एकमत झालं, की करंजदऱ्यातून आता कुणीच पोट भरायला बाहेर जात नाही. पाऊस येवो न येवो, हे गाव जागचं हलत नाही.

वा रे वा! अहो, दिवाळी झाली की निम्म्या गावाला कुलपं लागतात. ऊसतोडीचे ट्रक दारात येतात आणि माणसं, शेळ्या, चुली सगळं उचलून नेतात. मागं राहतात म्हातारी आणि कुत्री. आणि म्हणे कुणीच जात नाही.

ही थाप दिल्लीला पोचवली ती नितीननं. परका असता तर गोष्ट वेगळी. हा गावचाच, सहादेवचा थोरला. सहादेव आणि साळूबाई दर साल बेळगावकडं ऊस तोडायला जायची. बापानं कोयता चालवला, आईनं डोक्यावर मोळ्या वाहिल्या, म्हणून हा नगरला अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झाला. पुढं दोन वर्षं भिंगारला चौघांत एका खोलीत, कॉट बेसिसवर, नोकरीची वाट बघत काढली. मग एका अभ्याससंस्थेत लागला. दिल्लीत त्यांचं मोठं ऑफिस, पुण्यात धाकटं. देशाचं आर्थिक धोरण कसं असावं, हवामान बिघडलं तर सरकारनं पैसा कुठं घालावा आणि कुठं घालू नये, हे सांगणं हा त्या संस्थेचा धंदा. सांगायला माहिती लागते आणि माहितीसाठी गावोगाव झिजणारी पायताणं लागतात. ती नितीनची. करार सहा-सहा महिन्यांचा, पण गळ्यात ओळखपत्र आलं, आणि ओळखपत्र आलं की आपल्या माणसाची मान जरा ताठ होतेच.

त्याच्या आदल्या डिसेंबरात दोनशे गावांची पाहणी निघाली. गावात बंधारे झाले, पाणी जिरवलं, तर लोक गाव सोडायचे थांबले का, एवढं बघायचं होतं. यादीत करंजदरा होता. बंधारे झाले होते हे खरं, विहिरी दोन महिने जास्त चालत होत्या हेही खरं. नितीन टॅब घेऊन गावात शिरला तेव्हा एकेचाळीस घरांना कुलपं होती. त्यात त्याचं स्वतःचंही एक. टॅबमध्ये सूचना होती, घर बंद असेल तर शेजाऱ्याला विचारा. शेजारी म्हणजे बनाबाई. सत्तरीची म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू, वस्तीत मागं राहिलेली तेवढीच एक जाणती.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. चार सालांमागं असाच एक जण कागद घेऊन आला होता. लोकांनी भाबडेपणानं खरं ते सांगितलं, हा गेलाय, तो गेलाय. दोन महिन्यांत सात घरांची नावं रेशनमधून उडाली, का तर ही माणसं गावात राहत नाहीत. ती परत चढवायला वर्षभर हेलपाटे घातले त्यांनी. तेव्हापासून करंजदऱ्यानं कानाला खडा लावला. कागद घेऊन कुणी का येईना, उत्तर एकच. घरीच हायेत, रानात गेलेत. गावानं कधी बैठक घेऊन हे ठरवलं नाही, पण शेंबड्या पोरालासुद्धा ते पाठ होतं.

बनाबाईनं तेच सांगितलं, एका घरामागून एका घराचं, पापणीही न हलवता. नितीनला वाटलं, आपल्या घराची पाळी येईल तेव्हा तरी म्हातारी हसेल. कसलं काय.

"साळूबाई व्हय? रानात गेलीया. येईल दिस मावळताना."

तो म्हणाला, आजी, मी नितीन आहे, माझी आई कुठंय ते मला ठाऊक आहे, आणि हे रेशनवाल्यांचं काम नाही. म्हातारीनं टॅबवर आपला खरबरीत हात ठेवला.

"तुला समदं ठावं हाय. पर ह्या पाटीच्या पल्याड कोन बसलंय, त्ये हाय का ठावं?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. टॅबमध्ये 'स्थलांतरित' असा रकाना होता, त्यावर बोट टेकवायचं तेवढं बाकी होतं. त्यानं विचार केला, आपल्याच माणसांच्या पोटावर पाय कशाला द्या, दोनशे गावांत एक गाव, कुणाच्या लक्षात येतंय. आणि एकेचाळीस घरांपुढं 'घरी', 'घरी' अशी बोटं टेकवून तो दिवस मावळायच्या आत फाट्यावर आला. कुणाचं वाईट करावं असं त्याच्या मनात नव्हतं. पण वाईट व्हायला ते मनात असावंच लागतं असं थोडंच आहे!

उन्हाळ्यात रविराज सरांचा लेख आला. रविराज सर म्हणजे संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसचे मुख्य. बोलणं गोड, कापडं साधी, अभ्यास दांडगा. दोनशे गावांत बाकी सगळीकडं लोक जात होते, एका करंजदऱ्यातूनच कुणी जात नव्हतं, मग लेखात दुसरं कुणाचं नाव येणार? सरांनी लिहिलं होतं की हवामानाच्या संकटाला उत्तर करंजदऱ्यानं दिलंय. देशानं आता दरसालच्या मदतीवर, टँकरवर, तात्पुरत्या सोयींवर पैसा ओतणं थांबवावं, कारण अशानं लोकांना मदतीची सवय लागते, आणि तोच पैसा पाणी जिरवण्यात घालावा. लेखाच्या शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात, नितीनचे आभार होते.

त्यानं ते स्टेटसला ठेवलं. का ठेवू नये? सरपंचानं फाट्यावर फ्लेक्स लावला, 'शून्य स्थलांतराचे गाव करंजदरा आपले स्वागत करीत आहे'. त्या फ्लेक्सखाली बसून ऊसतोडीची माणसं मुकादमाची वाट बघायची, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पेपरात नाव आलं, बरं झालं, आपलं काय जातंय.

काय जातंय ते दसऱ्यानंतर कळलं. गावच्या शाळेत दोन खोल्यांत, दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत, ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी वसतिगृह चालायचं. पैसा एका ट्रस्टचा, राबणं शाळेचं. नितीन स्वतः तिथल्या आमटी-भाकरीवर दहावी झालेला. आता त्याची धाकटी बहीण संस्कृती तिथं असायची. तेरा वर्षांची, आठवीत. मोठी खमकी पोर. वर्गात कुणी चुकीचं गणित घातलं की उठून फळ्यावर जाऊन पुसायची, मग तो गुरुजी का असेना. डिसेंबरात आठवीची शिष्यवृत्तीची परीक्षा, तिचा फॉर्म तिनं स्वतः भरला होता आणि बापाची सही अंगठा धरून घेतली होती. गुरुजींचं म्हणणं होतं की ही बसली की लागलीच.

या बन्सी गुरुजींनी नितीनला फोन करून बोलावून घेतलं आणि एक पत्र पुढं ठेवलं. ट्रस्टनं लिहिलं होतं की आपल्या गावातलं स्थलांतर थांबल्याचं वाचून फार आनंद झाला. वसतिगृहाची गरज संपल्यामुळं यंदापासून तो निधी अधिक गरजू गावाला देत आहोत. सोबत सरांच्या लेखाची प्रत, टाचणी लावून. गुरुजींनी तेवीस पोरांची यादी पाठवली होती, आईबाप कुठं जातात त्या गावांच्या नावांसकट. त्यावर उत्तर आलं, की शाळेच्या यादीपेक्षा त्रयस्थ संस्थेचा अभ्यास आम्ही ग्राह्य धरतो.

 गुरुजींनी त्याला फक्त ती टाचणी काढून लेख शेवटपर्यंत वाचायला सांगितलं. लेखाच्या तळाशी आपलं नाव बघून नितीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला. सरांपुढं उभा राहिला आणि काही हातचं न राखता सगळं सांगितलं. कुलपं, रेशन, बनाबाई, आपलं घर, सगळं. त्याला वाटलं होतं सर भडकतील, नोकरी जाईल. जाऊ दे म्हणून तयारीनंच गेला होता तो. सर भडकले नाहीत. त्यांनी चहा मागवला, खिडकी लावली आणि म्हणाले की पाहणीत असं होतं, याला आमच्यात नावसुद्धा आहे. एका गावानं मूळ मुद्दा खोटा ठरत नाही. लेख आता पुढं गेलाय, कुठल्याशा समितीच्या टिपणात त्याचा उल्लेख आहे. मागं घ्यायचा तर कारण द्यावं लागेल, आणि कारण दिलं तर त्या एकेचाळीस घरांची नावं उघडी पडतील.

"मग तुझ्या लोकांच्या रेशनचं काय होईल, तूच सांग," सर म्हणाले.

नितीननं निदान ट्रस्टला दोन ओळी लिहायची विनंती केली. नाव नको, गाव नको, एवढंच लिहा की वसतिगृह बंद करू नका. सरांनी मान हलवली, अगदी हळहळून. आपली संस्था स्वतंत्र आहे, म्हणाले, आपण धोरण सुचवतो, कुणी आपला पैसा कुठं घालावा हे सांगत नाही. जो माणूस वर्षभर अख्ख्या देशाला तेच सांगत होता, तो हे बोलला, आणि बोलताना त्याला ठसकासुद्धा लागला नाही.

मग सर म्हणाले, "तू येऊन खरं सांगितलंस. अशीच माणसं मला हवीत." आणि ड्रॉवरमधून कागद काढला. पाहणीची दुसरी फेरी, तीन जिल्हे, नितीन सुपरवायझर, करार दोन वर्षांचा. दिवाळी झाली की रुजू व्हायचं.

आता तुम्ही म्हणाल, तो कागद त्यानं टराटरा फाडला असेल. नाही फाडला. घडी घालून खिशात ठेवला आणि शिवाजीनगरला येऊन एसटीत बसला. वाटेत स्वतःला समजावत राहिला की आपण नोकरी सोडून वसतिगृह थोडंच चालू होणार आहे. यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत.

भाऊबीज झाली आणि ट्रक आला. तेवीस पोरांपैकी कुणाला आजोळी ठेवलं, कुणाला मावशीकडं, आणि चौदा जण ट्रकात. बनाबाई डोळ्याच्या ऑपरेशनला लेकीकडं शेवगावला गेली होती. संस्कृतीला एकटं ठेवायला साळूबाई तयार नव्हती, आणि तिचं चुकलं असं कोण म्हणेल? वस्ती रिकामी, पोर वयात येणारी. साळूबाई पातेली बांधता बांधता नितीनला म्हणाली, "तू ऱ्हात आसशील तर ठिवते तिला. तुझं तू बोल." सहादेव तंबाखू मळत दुसरीकडं बघत राहिला. लेकाला नोकरी सोड म्हणायचं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि सोडू नको म्हणायचंही.

संस्कृतीला ते ऐकू गेलं. ती दप्तर पाठीला लावूनच उभी होती. पुस्तकं पत्र्याच्या पेटीत टाकायला तिनं साफ नकार दिला होता.

"दादा, तू ऱ्हा की घरी," ती म्हणाली. "पाडव्यापर्यंतच. सैपाक मी करीन, पानी मी भरीन. तू नुसता ऱ्हा."

नितीन बोलायला लागला. सुपरवायझरची जागा आहे, हातची गेली तर पुन्हा मिळायची नाही. पुढच्या साली नगरला खोली घेतो, तुला तिकडच्या शाळेत घालतो, नक्की घालतो. अभ्यास तिथं उसाच्या फडावर कर, पुस्तकं आहेतच, परीक्षेच्या आदल्या दिवशी मी येतो तुला न्यायला. बेळगावहून जामखेडला? एका दिवसात? कामाच्या ऐन भरात याला रजा कोण देणार होतं? हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आणि हा मेला बोलायचा थांबेना, एकच गोष्ट तीन-तीनदा सांगत राहिला.

"बरं," ती म्हणाली. दप्तर काढून आईच्या हातात दिलं, चाकावर पाय ठेवून वर चढली, मग हात खाली करून ते परत मागून घेतलं. ट्रक सुटेपर्यंत ती रडली नाही. साळूबाई मात्र पदर तोंडाला लावून रडली.

परीक्षेच्या दिवशी नितीन दोन जिल्हे पलीकडं, एका मंगल कार्यालयात, नवीन भरती झालेल्या पोरापोरींना पाहणीचं काम शिकवत होता. साडेदहाला फोन वाजला. बन्सी गुरुजी जामखेडच्या केंद्राच्या दारात उभे होते. त्यांना वाटत होतं की भावानं काहीतरी सोय केलीच असेल, पोर येईल. त्यांनी विचारलं, निघालाय ना तुम्ही, कुठवर आलाय.

नितीन बाहेर येऊन जिन्यात उभा राहिला.

"न्हाई यायची ती, गुरुजी," तो म्हणाला. "मी घरी ऱ्हायलो आसतो तर ती ऱ्हायली आसती. मी ऱ्हायलो न्हाई."

 गुरुजींच्या मागं पोरांचा गलबला ऐकू येत होता, तो हळूहळू बंद झाला.

"पेपर सुरू झाला," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.