कुमूच्या पेटीतले गोटे

“बाई, हे मासोळीच्या पेटीत नका टाकू,” कवडू मिस्त्री म्हणाले होते. “ह्याच्यात चुना हाय. मासोळीले नाही मानवत.”

मी हो-हो म्हटलं आणि घमेलं भरून घेतलंच. आमच्या घरमालकांच्या व्हरांड्यात मोझॅकची फरशी घालणं चाललं होतं आणि संगमरवरी चिपांचं अर्धं पोतं उरलं होतं. पांढऱ्याशुभ्र, करंगळीच्या नखाएवढ्या चिपा. शेजारी कन्हान नदीच्या रेतीचा ढीग होता, पण त्यावर दुपारी कुत्री लोळायची. मला सगळीकडे जंतू दिसायचे त्या दिवसांत.

कुमू, माझी सात वर्षांची मुलगी, पेरूच्या झाडावरून पडली होती. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे पाठीवर. धरमपेठेतल्या तिच्या मैत्रिणी पहिले चार दिवस आल्या, मग त्यांची परीक्षा आली. कुमू भिंतीकडे तोंड करून पडायची. भात चिवडायची. म्हणून एका संध्याकाळी हे बर्डीच्या बाजारातून काचेची पेटी आणि दोन गोल्डफिश घेऊन आले. त्या रात्री तिनं ताट पुसून खाल्लं. प्लास्टर निघेपर्यंत हे मासे जगलेच पाहिजेत, एवढं एकच मग माझ्या डोक्यात राहिलं.

पाणी दोन दिवस शिळं केलं. चिपा दोनदा उकळल्या, जंतू मारायच्या लाल औषधाच्या पाण्यात बुडवल्या, पुन्हा धुतल्या. अंगणात शेगडीवर पातेलं रटरटत असताना मिस्त्री तिकडून गेले.

“गोटे शिजवून राहिल्या का, बाई? मीठ टाका मंग.”

खाटेवरून कुमू खिदळली. मला काही हसू आलं नाही.

आठवड्याभरात मासे वर येऊन पाण्याच्या कडेशी तोंड उघडझाप करू लागले. एकाच्या अंगावर पांढुरका थर आला होता. दुसऱ्याचा ओठ फाटला होता. हा मासा तळातला खडा तोंडात घेतो, चघळतो आणि थुंकतो, हे मी रोज कौतुकानं बघत होते. चिपेला धार असते, हे त्या फाटक्या ओठाकडे बघून सुचलं.

दोन्ही मासे काचेच्या बरणीत शिळ्या पाण्यात काढले आणि एक चीप मुठीत धरून व्हरांड्यात गेले. मिस्त्री डबा खात होते. टोमणा मारतील असं वाटलं होतं. त्यांनी भाजीवर पिळायची लिंबाची फोड उचलली, चीप खिळ्यानं खरवडली, त्यावर चार थेंब पिळले आणि माझ्या कानाशी धरली.

“ऐका.”

बारीक फसफस. सोड्याचा फेस बसताना होते तशी. चुनखडीवर आम्ल पडलं की निघणाऱ्या ह्याच वायूचं समीकरण कॉलेजात मी सुंदर अक्षरात लिहिलं होतं.

“फरशीवर लिंबू सांडलं तं डाग पडते, म्हणून आम्ही मालकिणीले आधीच सांगून ठेवतो,” ते म्हणाले. “हे पाण्यात असंच विरघळत राहते. अन् पोत्यात सिमिट बी सांडलं होतं. ते काही शिजवून निघत नाही.”

“मग काय घालू?”

त्यांनी रेतीच्या चाळणीवर उरलेल्या गोट्यांकडे हात केला. काम झालं की ते फेकूनच देतात. वाटाण्याएवढे, गोल, तपकिरी, नदीनं घासलेले.

“धार नाही पाहा, हात फिरवा. पण यातबी एखादा चुन्याचा निघते. एकेक ऐकून घ्या.”

कुत्र्यांची आठवण आली, पण गोटे घमेल्यात भरले. पाणी नितळ येईपर्यंत गोटे अकरा वेळा धुतले आणि कुमूच्या खाटेवर पसरले. तिच्या पोटावर वर्तमानपत्र, त्यावर गोटे, बशीत लिंबाच्या फोडी. मी खिळ्यानं खरवडायचं, थेंब टाकायचा, तिनं कानाशी धरायचं. ती डोळे मिटून ऐकायची.

“गप्प आहे. हाही गप्प. आई, हा बघ, बडबड्या.”

बडबडे बशीत, गप्प पातेल्यात. तिची बोटं चिकट झाली, कानाच्या पाळीवरून रस ओघळला. कितीतरी दिवसांनी ती सलग बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, “मासे रविवारपासूनच वर येऊन राहिले होते.”

त्या दिवशी गुरुवार होता. “मग सांगितलं का नाहीस?”

“तू रडली असतीस. तू किती शिजवले होतेस ते दगड.”

मी खिळा खाली ठेवला. दुखतं का, असं मी तिला दिवसातून दहादा विचारत होते. दरवेळी ती नाही म्हणायची आणि मी माझ्या कामाला लागायचे.

“कुमू, आणखी काय सांगितलं नाहीस?”

तिनं एक गोटा कानाशी धरला. त्याच्यावर लिंबू पडलंच नव्हतं.

“टाच जळते. थोडीच.”

“कधीपासून?”

“मासे यायच्या आधीपासून.”

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी टाचेवरच्या प्लास्टरला खिडकी कापली. आत कातडं सोललं होतं, रुपयाएवढं. ते धुताना कुमू मोठ्यानं रडली, पडल्यापासून पहिल्यांदा. मी तिला गप्प बस म्हटलं नाही. माझे पाणावलेले डोळे तिनं बघितले. मीही लपवले नाहीत.

जखम भरायला तीन आठवडे लागले. मासे नव्या पाण्यात, गप्प गोट्यांवर हळूहळू सावरले. फाटक्या ओठाचा आठ दिवस तळाकडे गेलाच नाही. एके सकाळी त्यानं एक गोटा तोंडात घेतला, घोळवला आणि थुंकला. कुमूनं मला हाक मारली आणि लगेच, तितक्याच मोठ्यानं, सांगितलं की टाचेला खाज सुटली आहे.

तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, आणि दुखतं का विचारल्यावर रोज नाही म्हणत असेल, तर हे वाचणं इथेच ठेवा आणि त्यांच्याकडे जाऊन या. विचारायचं राहू द्या. पांघरूण बाजूला करा आणि बघा.