बायोडाट्यातलं नाक

चौतीस वर्षांच्या निलेशचा बायोडाटा पप्पूनं नव्यानं बनवला, आणि बनवता बनवता त्याचं नाकही तासून टाकलं.

पप्पूचा पवनानगरच्या स्टँडसमोर फोटो स्टुडिओ. वाढदिवसाचे फ्लेक्स, पासपोर्ट फोटो आणि गावाची टिंगल, तिन्ही कामं एकाच कॉम्प्युटरवर. निलेशचं तसं बरं चाललं होतं. धरणाकाठी तंबूंचा कॅम्प, घरची जमीन, दारात गाडी. नडत होतं ते नाक. मधोमध बैलाचं वशिंड आणि शेंडा खाली लोंबलेला. आठ मुली बघून झाल्या, आठही घरांतून 'कळवतो' आलं. पप्पूनं माऊस चार वेळा फिरवला, वशिंड उडवलं, शेंडा उचलला आणि फोटो दिला वधू-वरांच्या ग्रुपवर सोडून.

अन् स्थळ आलं की! नवलाख उंबरे गावच्या बजरंगभाऊंची पोरगी श्रद्धा, कंपनीत ऑफिसला. मुलगा आवडला म्हणून तिनंच सांगितलं म्हणे. बघायचा कार्यक्रम महिन्यानं ठरला.

निलेश धापा टाकत स्टुडिओत. "पप्या, मुडद्या, आता मी काय तोंड दाखवू तिला?"

"तोंड हाय तेच दाखव. नाक तेवढं फोटोवानी करून आण," पप्पू म्हणाला आणि खुर्चीतून पडेस्तोवर हसला.

निलेश हसला नाही. तिसऱ्या दिवशी तो पुण्यात एका डॉक्टरीणबाईंपुढं बायोडाटा धरून बसला होता.

"उंचवटा कमी होईल, टोक थोडं वर येईल," बाई म्हणाल्या. "पण हा फोटो मला बनवता येणार नाही. सूज बरीचशी काही आठवड्यांत उतरते, नाक पक्कं बसायला वर्ष जातं. एखाद्याला श्वासाचा त्रास होतो, एखाद्याला परत ऑपरेशन लागतं. तंबाखू, सिगारेट काही आठवडे आधीपासून बंद पाहिजे. आणि खरं सांगा, हे तुम्हाला स्वतःला हवंय, की कुणाला दाखवायचंय?"

एवढ्यातलं निलेशनं 'कमी होईल' तेवढं ऐकलं. दाढेखालचा तंबाखूचा बार जिभेनं आत दाबून म्हणाला, "व्यसन काय न्हाई मॅडम. आन् हे आपलं आपल्यासाठीच." कार्यक्रमाची तारीख तर त्यानं सांगितलीच नाही.

ऑपरेशन झालं. घरी आला तेव्हा नाकावर पांढरा साचा आणि डोळ्यांखाली दोन जांभळी वांगी. आईनं दाराची चौकटच धरली. पप्पू बघायला आला, हळहळला, आठवण म्हणून एक फोटो काढून गेला. संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर बातमी: 'धरणाकाठी बिबट्याचा हल्ला! युवा उद्योजक निलेशभाऊ थोडक्यात बचावले.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात बजरंगभाऊंची गाडी. मागच्या सीटवर शहाळी, आणि शहाळ्यांशेजारी श्रद्धा.

निलेश खरं सांगणारच होता. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात श्रद्धा म्हणाली, "तुम्ही बिबट्याला नुसत्या हातांनी ढकललंत?"

आठ मुलींपैकी एकीनंही त्याच्याकडं असं बघितलं नव्हतं. ही गेली तर पुढची येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"लय मोठा नव्हता," निलेश म्हणाला.

मग काय! शहाळ्याच्या दुसऱ्या घोटाला त्यानं बिबट्याचे कान धरले, तिसऱ्याला बिबट्या पवनेच्या पाण्यात. बजरंगभाऊंनी मांडीवर थाप मारली. "कार्यक्रम कशाला पायजे? आजच सुपारी फोडू!" मजा बघायला आलेला पप्पू कोपऱ्यात रुमाल तोंडात कोंबून बसला होता.

आई नारळ आणायला उठली आणि बाहेर हॉर्न वाजला. फॉरेस्टची गाडी, वर पिंजरा. ह्यांना पप्पूनं बोलावलं नव्हतं. एवढं सुख त्याला न मागता मिळालं होतं.

फॉरेस्टच्या सारिका मॅडम आत आल्या, वाकून बघितलं. "पंजा नाकावरच मारला? गालावर ओरखडा नाही, मानेला काही नाही. दवाखान्याचा कागद दाखवा, पंचनामा करायचाय."

"कागद हरवला," निलेश म्हणाला.

"आरं हितंच तर हाय!" म्हणत आईनं कपाटातून फाईल आणून दिली.

मॅडमनी मोठ्यानं वाचलं. "नाकाचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया. रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेने."

"म्हंजी बिबट्याची काय इच्छा नव्हती," बजरंगभाऊ म्हणाले.

श्रद्धानं मोबाईलवर पप्पूच्या स्टुडिओचं नाव छापलेला बायोडाटा काढला, निलेशच्या गालाला लावून धरला. एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. "नाक खोटं, बिबट्या खोटा. तंबू तरी तुमचेच आहेत, का तेही ह्या पप्पूभाऊंनी काढलेत?" आणि अशी हसली, की फॉरेस्टची माणसंही हसली.

"शहाळी उचल गं," बजरंगभाऊ म्हणाले. एक शहाळं सोलून निलेशच्या हातात दिलेलं होतं. तेही उचललं.

गाडी गेली. निलेशचे डोळे भरले, मग वाहायला लागले, आणि मग नाकही आतून चोंदलं. त्यानं रुमाल वर नेला.

"आरं थांब थांब!" पप्पू फाईल चाळत ओरडला. "हितं लिवलंय, नाक अजिबात शिंकरायचं न्हाई. रडायचं आसंल तर तोंडानं श्वास घेऊन रड बाबा."

मग निलेश तोंड वासून रडला. पप्पू मांडी घालून समोरच बसला, सूचनांचं पुढचं पान काढलं आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत वाचायला लागला.