कालव्याचा तळ

"उद्या कालव्याचा हा तुकडा भरायचा," मुकादम कुरामोची काठीने दाखवत म्हणाला. "पुलापासून वखारीपर्यंत."

शिनोचा खांदा डगमगला. दोघींच्या खांद्यांवरच्या बांबूला टांगलेली राडारोड्याची पाटी झोका खाऊन बांबूचं दुसरं टोक धरलेल्या हात्सुएच्या गुडघ्यावर आदळली.

"अगं ए, झोपलीस काय? माझे गुडघे मला अजून हवेत," हात्सुए करवादली.

युद्ध संपून चार वर्षं झाली, तरी तोक्योत जळक्या विटांचे ढीग तसेच होते. शहराला ढीग नको होते आणि कालवेही नकोसे झाले होते. तेव्हा एकाने दुसरं बुजवायचं ठरलं. नदीकडचा मोठा कालवा तेवढा वाचला, कारण लाकूड वाहणाऱ्या मोठ्या होड्या, पडाव, अजून तिथून जात. या अरुंद कालव्यात शिनोच्या नवऱ्याचा, तोराकिचीचा, पडाव असे. आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोची पिंपं पोचवण्यात त्याची हयात गेली. बॉम्ब पडले त्या रात्री दोन्ही काठ पेटले आणि अंगावरचे कपडे जळत असतानाच त्याने वखारीपाशी उडी टाकली. त्याचं डोकं पाण्याखाली गेलेलं शिनोने पाहिलं होतं. पुन्हा वर आलेलं पाहिलं नव्हतं.

सासूला तिने सगळं सांगितलं होतं. पण म्हातारी ओताकी एकच विचारायची, "प्रेत पाहिलंस? नाही ना? मग झालं तर." रोज ती लेकाच्या वाटणीचं रताळं झाकून ठेवायची. सकाळी ते शिनोलाच खावं लागे.

दुपारच्या सुट्टीत शिनो मुकादमापुढे उभी राहिली.

"ओहोटीला मला खाली उतरू द्या. भरायच्या आधी."

"कशाला?"

"आमचे हे आहेत तिथे."

कुरामोचीने काठावरून खाली पाहिलं. "मांडीभर गाळ आहे," तो म्हणाला. "हात्सुएला दोर धरायला लाव."

कमरेला दोर बांधून शिनो उतरली. वखारीच्या भिंतीलगत तिने हातांनी गाळ चाचपला. सायकलचं चाक लागलं, बूड गेलेली किटली लागली. एक लाकडी सपात मिळाली, ती बाईमाणसाची होती. पाणी परत चढू लागलं तेव्हा हात्सुएने दोर हलकेच ओढला.

कुणीतरी कळवल्यामुळे ओताकी काठावर येऊन उभी होती.

"नाही ना सापडला?"

"नाही, आई."

म्हातारीचा चेहरा सैल पडला. "वाटलंच मला. पोहायला मीच शिकवलंय त्याला. निघाला असेल कुठंतरी वर."

शिनो कोपरापर्यंत चिखलाने भरली होती. तोंडाशी आलेलं तिने गिळलं.

"हो, आई. निघाले असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आले. बायकांची रांग लागली. पहिली पाटी शिनो आणि हात्सुएची होती.

"वरूनच उलटा," मुकादम ओरडला. "अजून पुष्कळ खेपा आहेत."

वखारीपाशी येऊन शिनो काठावर गुडघे टेकून बसली. हात्सुए काहीतरी बोलणार होती. मग तीही बसली. दोघींनी पाटी कलती केली आणि शिनो एकेक वीट हाताने, जेवढ्या खाली हात पोचेल तेवढ्या खाली नेऊन, पाण्यात सोडू लागली.

मागची रांग थांबली. कुरामोचीने काठी काखेत धरली आणि तो दुसरीकडे बघू लागला.