मेमचा पहिला हौद

मेमला समुद्र संपतो आणि कालवा सुरू होतो. तिथून लॉकचे, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून होडी वर-खाली नेणारे, पन्नासहून जास्त हौद चढत-उतरत देश ओलांडायचा आणि पलीकडे नॉर्वेचा किनारा गाठायचा, असा माझ्या नवऱ्याचा, सिक्स्टनचा बेत होता. हिवाळ्यात त्याची उजवी बाजू लुळी पडली होती. आता बरा आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा. मला त्या सकाळी भीतीने कॉफीसुद्धा गेली नव्हती.

"गुन्वर, तोंड बघ तुझं! फासावर चालल्यासारखं," धक्क्यावर उतरताना तो म्हणाला.

"तू दोर नीट धर म्हणजे झालं."

"जन्मभर दुसरं काय केलंय?"

होडीचे दोन्ही दोर घेऊन तो वर गेला. मी इंजिनावर होडी हौदात आणली. माझ्यामागे दरवाजे मिटले. दोन्हीकडे शेवाळलेल्या उंच भिंती, वर आभाळाचा तुकडा. विहिरीच्या तळाशी उभं असल्यासारखं वाटलं. समोरच्या दरवाज्याच्या फटींतून चिळकांड्या उडत होत्या. त्या दरवाज्यामागे अख्खा कालवा तुंबून उभा होता.

"तयार?" वरून लॉकवरच्या यालमारने विचारलं. दरवाजे उघडणं-मिटणं त्याच्या हाती.

"सोड पाणी!" सिक्स्टन ओरडला. मला कुणी विचारलंच नाही.

झडपा उघडल्या. पाणी खालून उकळून वर आलं. होडी थरथरली, मागे खेचली गेली, पुढचा दोर ताठ झाला. तो दोर काठावरच्या लोखंडी कडीतून ओवून धरायचा असतो, म्हणजे ओढ कडीवर येते, माणसावर नाही. खालून मला फक्त सिक्स्टनची टोपी दिसत होती. होडी वर चढली तसा तो कमरेपर्यंत दिसला. कडी रिकामी होती. दोर त्याने उजव्या मनगटाला गुंडाळला होता.

"सिक्स्टन, सोड तो!"

"सुटत नाहीये!"

त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. त्याचे बूट ओल्या दगडावरून घसरत काठाकडे येत होते. खाली होडी आणि भिंत यांच्यामध्ये पाणी घुसळत होतं. तो तिथे पडला असता तर होडीनेच त्याला चिरडलं असतं.

सुकाणू सोडून मी पुढे धावले. दोराचा वेढा होडीच्या पुढच्या खुंटीवर करकचून बसला होता. नखं तुटली, वेढा हलेना. सिक्स्टन गुडघ्यांवर आला, मग पोटावर. मी दोन्ही पाय टेकवून वेढा उपसला. दोर तळहात सोलत सुटला आणि होडी आडवी फिरून पलीकडच्या भिंतीवर आदळली. मी उताणी पडले.

"झडपा बंद!" हे मीच किंचाळले असणार. यालमार आधीच चक्राशी झोंबत होता.

पाणी निवलं. काठावरून सिक्स्टनचं डोकं डोकावलं, चेहरा पांढराफटक.

"लागलं का गं?"

"कडीतून का नाही ओवलास?"

त्याने उजवा पंजा काठावर ठेवला. मग म्हणाला, "बोटं वळत नाहीत. महिनाभर लपवतोय. सांगितलं असतं, तर तू आलीच नसतीस."

"नसतेच आले!"

यालमार खाली वाकला. "मागे फिरायचं तर आत्ताच सांगा."

मला फिरायचंच होतं. पण सिक्स्टन मान खाली घालून मनगट चोळत होता, आणि परतल्यावर तो खिडकीपाशी कसा बसून राहील ते मला लख्ख दिसलं. त्या दृश्याचीही भीतीच वाटली.

"पुढच्या हौदाला मी काठावर," मी म्हणाले. "तू खाली. सुकाणू डाव्या हाताने जमतं ना?"

"जमतं."

"खरं सांग."

"ते खरंच जमतं, गुन्वर."

पुढच्या हौदात मी दोर कडीतून ओवला, दोनदा ओढून पाहिला. खाली, त्या खोल काळोख्या जागेत, सिक्स्टन अगदी लहान दिसत होता. या लॉकवरच्या माणसाने विचारलं, "तयार?"

मी सिक्स्टनकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"हळू सोडा," मी म्हणाले. पाणी उसळलं, आणि तो वर येईपर्यंत मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही.