भिंतीतलं भोक

“बाई, या मशीनवर हृदय पत्त्यातल्या बदामासारखं दिसत नाही का हो?”

हे मी चक्क परीक्षक बाईंना विचारलं! मैत्रिणींची पैजच होती: विचारलंस, तर पंधरा दिवस वर्गातली खिडकीजवळची जागा तुझी. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“एकवीस वर्षांत हजारो हृदयं पाहिली, बदाम एकही नाही. सगळ्यांचे आपले चार कप्पे. आता गप्प पडून राहा.”

मी डाव्या कुशीवर पडले होते, छातीवर गारगार जेल. माझी मामेबहीण, म्हणजे ताई, एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या तंत्रज्ञाच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसली होती आणि मी तिची पेशंट. गेल्या वेळी घाईघाईत उत्तर देऊन ती नापास झाली होती. यंदाही तेच झालं, तर दवाखान्यातली नोकरी हातची जाणार. पाच शनिवार तिने माझ्यावरच सराव केला होता, त्यामुळे माझा कुठला कप्पा कुठे आणि कुठली झडप कुठे, हे मलाही तोंडपाठ. पण तपासणी सुरू झाली की पेशंटने तोंड उघडायचं नाही, हा नियम.

ताईने मशीनचा हातात धरायचा प्रोब माझ्या बरगड्यांमध्ये टेकवला. स्क्रीनवर माझं हृदय धपधप करायला लागलं.

“डावा कप्पा छान आकुंचन पावतोय. झडपा नीट मिटताहेत, गळती नाही...”

मग ती थबकली. वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत काळी फट.

“इथे भिंतीला भोक आहे,” ती म्हणाली.

मी घाबरलेच. माझ्यासाठी नाही हं, तिच्यासाठी! ही फट पहिल्या शनिवारीच दिसली होती आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा तिनेच समजावलं होतं, की या बाजूने ध्वनिलहरी पातळ भिंतीला समांतर सरळ निघून जातात, परत उसळत नाहीत. मग धडधाकट भिंतसुद्धा गायब दिसते. आणि आज ताईसाहेब तेच विसरल्या!

“नक्की?” बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

मी ओठ दाताखाली धरला. स्क्रीनवर माझे ठोके भराभर वाढताना सगळ्यांना दिसत होते. हृदयाला कुठला आलाय नियम!

ताईने मोठा श्वास घेतला. “नाही बाई. चुकले मी. आधी खालून बघते. उताणी हो गं, गुडघे...”

तिचं वाक्य संपायच्या आत मी गुडघे दुमडले. प्रोब छातीच्या हाडाखाली आला आणि भिंत दिसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. तिने रक्ताचा प्रवाह रंगात पाहिला. पलीकडे थेंबही जात नव्हता.

“भोक नाही. आता नक्की.”

“मघाचं मी लिहिलंच नव्हतं,” बाई म्हणाल्या. “थांबून पुन्हा बघणारी माणसं मला हवीत. पास.”

ताईने मला जेलसकट मिठी मारली.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबा टेबलाचा डुगडुगणारा पाय ठोकत होते. मी दारातूनच सांगितलं, “दहावीनंतर मी सायन्स घेणार.”

“डॉक्टर होणार?” बाबांचा हातोडा हवेतच.

“अगं, परवा वकील होणार होतीस ना?” आई म्हणाली. “कुणापुढे हार मानत नाहीस म्हणून?”

“ते रद्द. आणि डॉक्टर नाही हो बाबा, मी ताईसारखी एको करायला शिकणार. ठरलं!”