बर्फाची तिकिटं

दुपारचे दोन वाजले तरी तिकिटं सुटत नव्हती.

खलफान त्या खाडीकाठच्या टपाल कचेरीचा पोस्टमास्तर, कारकून आणि शिपाई, सगळं एकटाच. परदेशातल्या हिवाळी खेळांची टपाल तिकिटं अमिरातीच्या नावाने छापून आली होती. त्यावर बर्फावरून घसरणारी माणसं. आज त्या खेळांचं उद्घाटन, आणि ती लावून आजच्या तारखेचा शिक्का मारलेली पाचशे पाकिटं, संग्राहकांना विकायला, चार वाजता तिकिटं छापणाऱ्या एजंटला हवी होती. नाहीतर शिक्का काढून घेऊ, असं त्याच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. शिक्का गेला की कचेरी बंद, मग खलफान पुन्हा मासेमारीच्या होडीवर. आणि होडीत बसलं की त्याला उलट्या होतात हे गावभर माहीत होतं.

चूक त्याचीच. तिकिटं ऐन उन्हाळ्यात आली. बर्फाची चित्रं म्हणून त्याने मोठ्या कौतुकाने ती खिडकीतल्या ओल्या गोणपाटाखाली ठेवली, घरी पाण्याचा माठ ठेवतात तशी. डिंक ओलावला आणि सगळे ताव चिकटून त्यांची वीट झाली.

"वाफ दे," मासळीवाला बूटी म्हणाला.

"दिली. हा बघ, रंग उतरून चित्रातला माणूस हिरवा झाला."

"शाबास. तुझ्यासारखाच दिसतोय, होडीत बसल्यावर." बूटीने वीट उचलली. "डिंक गारठला की तडकतो. चल माझ्याकडे."

बिस्किटांच्या डब्यात वीट घालून झाकणाला मेण लावलं आणि डबा सुरमईखालच्या बर्फात पुरला, वर मूठमूठ मीठ. पाऊण तास खलफान घड्याळाकडे आणि बूटी खलफानकडे बघत बसला. मग खलफानने डबा उघडला. त्याने कोपरा हलकेच वाकवला. टक्क. एक ताव सुटला, मग दुसरा.

बूटी चिकटवत गेला, खलफान शिक्का ठोकत गेला. चारला पाच कमी असताना पाचशेवं पाकीट संपलं.

एजंट आला. पाकिटांकडे न बघताच त्याने बॅगेतून दुसऱ्याच पाकिटांचा एक गठ्ठा काढला. तीच तिकिटं, याच कचेरीचं नाव, आजचीच तारीख. छाप खलफानच्या शिक्क्यापेक्षा स्वच्छ होता.

"हे शिक्के कुणी मारले?" खलफानने विचारलं.

"आमच्याकडेच. गेल्या महिन्यात. इथल्या कामावर भरवसा ठेवायला नको असं ठरलं, तुम्हाला कळवायचं राहून गेलं. ही पाकिटं इथूनच निघाली, एवढी या पावतीवर सही करा."

खलफानला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. त्याने सवयीने शिक्क्याकडे हात नेला. "शिक्क्याशिवाय सही चालत नाही."

"चालते," एजंट म्हणाला. "आणि तोही द्या इकडे. एका गावाचे दोन शिक्के बरे दिसत नाहीत."