साडेनऊ ते दहा

कापड रंगवायच्या कारखान्यातला बॉयलर फुटला तेव्हा तीन माणसं जागच्या जागी गेली. बॉयलर सांभाळणारा दादा हॉस्पिटलात दोन दिवस काढून गेला. त्याच्या हाताखाली काम करणारा सख्खा धाकटा भाऊ तेवढा वाचला. डावा कान गेला, मानेची कातडी भाजून आक्रसली. चौकशीत ठपका आला फिटरवर, कारण सेफ्टी व्हॉल्व्ह त्यानेच आदल्या आठवड्यात दुरुस्त केला होता. "मी काही पाहिलं नाही," असं धाकट्याने शपथेवर सांगितलं. फिटर तीन वर्षांसाठी तुरुंगात गेला.

पुढे धाकट्याला एका गोदामाच्या फाटकावर काम मिळालं. तिथल्या खुर्चीवर बसून त्याने सहा वर्षं त्या दिवसाबद्दल लिहिलं. दोनशे पानं झाली तेव्हा ती एका प्रकाशक बाईंकडे नेऊन दिली. पंधरा दिवसांनी बाईंनी बोलावलं.

"छापीन मी," त्या म्हणाल्या. "पण साडेनऊला तुम्ही दोघं चहाचे कप ठेवून कामाला लागता आणि पुढच्याच ओळीत दहा वाजलेत, डोक्यावर छप्पर नाही. मधला अर्धा तास कुठंय?"

"आठवत नाही."

"त्या दिवशी सुपरवायझरच्या बुटाची नाडी सुटली होती, हे तुम्हाला आठवतं." त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवले. "तेवढं लिहा. नाहीतर घेऊन जा. अशी भोक पडलेली घागर मी कोणाच्या डोक्यावर देणार नाही."

चार दिवसांत त्याने अकरा पानं लिहिली. व्हॉल्व्ह सतत वाफ सोडत होता, त्यामुळे दाब चढत नव्हता. सुपरवायझर दोनदा येऊन ओरडून गेला. मग व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून दादाने त्याच्या दांड्याला लोखंडाचं वजन बांधलं. "तासाभराचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. बांधायला तार धाकट्याने दिली होती.

ती पानं घेऊन तो आधी वहिनीकडे गेला. वहिनीने ओट्याशी उभ्या उभ्या वाचली आणि घडी घालून परत दिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "शुद्धीवर आले तेव्हा त्यांनीच सांगितलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोललात?"

त्याने घडी केलेली पानं खिशात ठेवली.

"पोरगा बापाच्या जागेवर लागलाय, भाऊजी. लोक मला त्यांच्या नावाने मान देतात. मेलेल्या माणसाला पुन्हा मारायचं असेल तर खुशाल मारा. पण मग या घराचा उंबरा चढू नका."

घरी येऊन त्याने सगळे कागद ट्रंकेत टाकले. महिनाभर ट्रंकेला हात लावला नाही. पण अन्न गोड लागेना. फिटरचं एव्हाना बरं चाललं असेल तर गप्प बसायला हरकत नाही, असं मनाशी म्हणत तो त्याला शोधत निघाला.

फिटर पुलाखालच्या फुटपाथवर किल्ल्या बनवत होता. त्याने धाकट्याला मानेवरून ओळखलं. धाकट्याने उभ्यानेच सगळं सांगितलं: वजन, तार, शपथ. आता हा हातातली कानस फेकून मारेल, असं त्याला वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं.

फिटरने विचारलं, "म्हणजे मी तो नीट बसवला होता?"

"हो."

"नक्की?"

"नीट होता, म्हणून तर वाफ सोडत होता."

फिटरने कानस खाली ठेवली. "रोज मनात तो व्हॉल्व्ह खोलतो आणि जोडतो मी. कुठला बोल्ट सैल राहिला, सापडत नव्हता. आई विचारायची, तुझ्या हातून झालं का रे? मी म्हणायचो, झालंच असेल. तशीच गेली ती."

समोर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. "उद्या या," फिटर त्याला म्हणाला.

धाकटा तिथून ट्रंक उघडायला घरी गेला आणि घरून थेट बाईंकडे. "छापा," तो म्हणाला. "सगळं छापा."

पुस्तक निघालं. त्याच्या आधारावर फिटरच्या वकिलाने खटला पुन्हा उभा केला. दीड वर्षाने फिटर निर्दोष ठरला. खोट्या शपथेबद्दल धाकट्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, ती त्याने निमूटपणे मान्य केली. पुतण्याला कारखान्याने काढलं नाही. तोच राजीनामा देऊन आईसकट शहर सोडून गेला.

आत जायच्या आदल्या दिवशी पुस्तकाची एक प्रत घेऊन धाकटा वहिनीच्या दारी गेला. दाराला भाडेकऱ्याचं कुलूप होतं. शेजारणीला नवा पत्ता विचारला.

"माहीत आहे," ती म्हणाली, "पण तुम्हाला द्यायचा नाही, असं सांगून गेल्यात."